त्या यंत्राला वारली येत नव्हती

२०१५ च्या थंडीत मला तलासरीच्या बाजूच्या एका दवाखान्यातून फोन आला. मुलांच्या वॉर्डातला मॉनिटर बिघडलाय, लगेच या. मी तेव्हा हॉस्पिटलची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होते. ऑफिस वापीला, घर डहाणूला, आणि मधला सगळा मुलूख माझ्या वाट्याला. पाठीवर हत्यारांची पिशवी, हातात केबलींचं भेंडोळं, आणि पोचल्यावर ठरलेला प्रश्न : "इंजिनिअर मागून येतायत का?" मी म्हणायचे, "इंजिनिअर पुढूनच आलेत." बोलायची ही सवय आईची. ती डहाणूच्या बाजारात मासळी विकायची आणि कोणाचं काही ऐकून घ्यायची नाही.

तो दवाखाना एका ट्रस्टचा होता, महामार्गापासून आत, कौलारू पडवीचा. मुलांच्या वॉर्डात थोड्याच खाटा, आणि प्रत्येक खाटेच्या उशाला भिंतीवर एक परदेशी मॉनिटर. कुठल्याशा देणगीदाराने दिलेले. मी ज्या मॉनिटरसाठी आले होते तो खिडकीजवळच्या खाटेचा. खाट रिकामी होती. मी यंत्र उघडलं, तपासलं, माझ्याच बोटाला क्लिप लावून पाहिली. ऑक्सिजन बरोबर दाखवत होतं, ठोके बरोबर दाखवत होतं. बिघाड कसलाच नव्हता. फक्त पडद्याच्या कोपऱ्यात घंटीचं चित्र होतं आणि त्यावर फुली होती. म्हणजे घंटी कोणीतरी बंद करून ठेवली होती.

"यंत्र चांगलं आहे," मी व्यवस्थापकांना सांगितलं. ते गृहस्थ दवाखान्याचा सगळा कारभार बघायचे. माझं बोलणं ऐकून त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला, आणि मला तेव्हाच शंका आली. यंत्र चांगलं निघाल्याचा इतका आनंद कोणाला होत नाही.

"मग तेवढं लिहून द्या. यंत्र चालू स्थितीत आहे, एवढंच."

"कशासाठी?"

तेव्हा कळलं. आदल्या दिवशी दुपारी त्या खाटेवरचं बाळ गेलं होतं. न्यूमोनिया होता. आईने बाळाच्या पायाची क्लिप काढून टाकली, म्हणून मॉनिटरला काही कळलं नाही, म्हणून कोणी धावलं नाही, असं त्यांचं म्हणणं. यंत्र चांगलं आहे असं मी लिहून दिलं की दोष उरत होता फक्त आईचा.

ती आई अजून तिथेच होती. पडवीत, ओपीडीच्या गर्दीत, भिंतीला टेकून उकिडवी बसलेली. वारली बाई, माझ्यापेक्षा वयाने लहान. बाळाला मूठमाती देऊन तिचा नवरा आणि ती कसलेसे कागद घ्यायला परत आली होती. व्यवस्थापक माझ्या पाठोपाठ बाहेर आले आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "बघ, मशीनवाल्या मॅडमपण सांगतायत, मशीन चांगली आहे. तू क्लिप काढलीस म्हणून झालं हे सगळं. शंभरदा सांगितलं तुम्हाला, हात लावू नका, हात लावू नका!"

त्या बाईने मान वर केली नाही. पडवीतली माणसं तिच्याकडे बघत राहिली.

मला तिथेच तिडीक आली. मी व्यवस्थापकांना म्हणाले, मी असं काही सांगितलेलं नाही. ही क्लिप मोठ्या माणसाच्या बोटाची आहे, तान्ह्या बाळाच्या पायाला ती बसतच नाही. बाळाची मऊ पट्टी वेगळी येते, ती फाटल्यावर दुसरी मागवलेली नाही. मग चिकटपट्टीने क्लिप आवळून बांधली जाते, पाय चिमटतो, बाळ रडतं, आणि रडणाऱ्या बाळाच्या पायात चिमटा दिसला तर कुठली आई तो काढणार नाही? क्लिप निघाली की यंत्र बोंबलतं. बाळ गुदमरलं तरी बोंबलतं. दोन आवाजांत फरक आहे म्हणतात, पण तो कंपनीच्या माणसाला कळतो. वॉर्डात एकच सिस्टर. तिने शंभर वेळा धावत यायचं, शंभर वेळा क्लिप निघालेली बघायची, आणि एकशे एकाव्या वेळी घंटीच बंद करून टाकायची. तिलाही मी दोष देणार नाही.

मी हे सगळं बोलले, पण अर्धं इंग्रजीत आणि अर्धं हिंदीत, कारण यंत्राबद्दल आम्ही सगळे तसंच बोलतो. व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही दुरुस्तीला आलायत. दुरुस्ती करा."

मी निघण्याआधी त्या मॉनिटरच्या सेटिंगमध्ये शिरले. निदान पडद्यावरची सूचना मराठीत करता येते का बघावं म्हणून. भाषांची लांबलचक यादी होती. फ्रेंच होती, तुर्की होती, पोलिश होती. मराठी नव्हती. हिंदीसुद्धा नव्हती. त्या यंत्राने आमच्या भिंतीवर टांगून घ्यायचं, आमच्या पोरांच्या पायाला चिमटे घ्यायचे, आणि बोलायचं पोलिशमध्ये! आणि अडाणी कोण, तर ती पडवीत बसलेली बाई.

अहवालात मी खरं ते लिहिलं. वापीच्या ऑफिसात साहेबांनी तो वाचला आणि मला बोलावून घेतलं. ते गुजराती, स्वभावाने वाईट नव्हते. "बेन," ते म्हणाले, "तुला सर्व्हिसला पाठवली होती की मत द्यायला? क्लिपचं काय ते आपण त्यांना विकू. बाकीचं काढून टाक."

मी काढलं नाही. त्यांनी काढलं. मी तिथे आणखी काही महिने टिकले आणि मग नोकरी सोडली. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती बोंबील उलटत होती. "मग आता काय करणार?" तिने विचारलं. मी म्हटलं, यंत्र करणार. "कर," ती म्हणाली, "पण माझी वाळवणाची जागा अडवू नकोस."

डहाणू रोडला स्टेशनजवळ एक गाळा मिळाला. तिथे मी खासगी दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करून पोट भरायचे आणि उरलेल्या वेळात बाळाच्या ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारी माझी छोटी पेटी बनवायचे. काम कसं चालतं ते सोप्या भाषेत सांगते. बाळाच्या पायाच्या एका बाजूने दोन प्रकारचा उजेड सोडायचा, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा. दुसऱ्या बाजूला किती पोचतो ते मोजायचं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असेल तर लाल उजेड जास्त आरपार जातो. ही विद्या जुनी आहे, माझी नाही. मला सोडवायचं होतं ते दुसरंच कोडं. पट्टी सुटली आणि बाळ बुडायला, म्हणजे गुदमरायला लागलं, या दोन गोष्टी पेटीला वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

त्यातली गंमत अशी की उजेड स्वतःच ते सांगतो. पट्टी सुटली की मध्ये पाय उरत नाही, उजेड थेट समोर आदळतो, आणि ठोका दिसेनासा होतो. बाळ खरंच बुडत असलं तर उजेड तेवढाच राहतो, ठोकाही असतो, फक्त दोन उजेडांचा हिशेब हळूहळू बिघडत जातो. आणि उजेड तेवढाच, पण ठोकाच मंद होत गेला, तर पेटीने क्षणभरही विचार न करता ओरडायचं. राहिलं बाळाचं लाथा झाडणं. मोबाइल आडवा केला की चित्र आडवं होतं, ते ज्या चिपमुळे होतं तीच चिप मी पट्टीत शिवली. पाय हलतोय हे तिच्यामुळे पेटीला कळायचं, आणि ती तेवढा वेळ आकड्यावर विश्वास ठेवायची नाही.

लिहायला हे चार ओळींत झालं. करायला वर्ष गेलं. पहिल्या पेटीला माझ्या आईच्या बोटातला ठोकाच सापडेना. सकाळभर बर्फातली मासळी हाताळून तिची बोटं गार पडलेली, कातडी जाड झालेली. "मी मेलेय का गं?" ती विचारायची. मी उजेड वाढवला, मोजणी बदलली. शेवटी सापडला ठोका, तेव्हा ती म्हणाली, "आहे ना? मग सोड, गिऱ्हाईक थांबलंय."

यात मला जिची साथ मिळाली ती त्याच दवाखान्यातली बालरोगाची डॉक्टरबाई. ती मुंबईहून आठवड्यातून दोनदा यायची. त्या बाळाच्या दिवशी ती तिथे नव्हती आणि तिला ते आतून खात होतं. ट्रस्टच्या समितीपुढे तिनेच भांडून परवानगी काढली. अट अशी की भिंतीवरचे मॉनिटर काढायचे नाहीत, त्यांना नीट बाळपट्ट्या आणायच्या, आणि माझी पेटी फक्त जोडीला, दुसऱ्या पायाला. मला मान्य होतं. माझ्या पेटीवर एखाद्या बाळाचा जीव टांगावा असं मलाही वाटत नव्हतं.

पेटीने बोलावं, ही कल्पना मात्र माझी. टिंग टिंग करण्याऐवजी तिने सरळ सांगावं. पट्टी सुटली तर सौम्यपणे, बाळाला त्रास झाला तर मोठ्याने, आणि तेव्हाच सिस्टरच्या टेबलावरची घंटीही वाजावी. मी माझ्याच आवाजात मराठीत दोन वाक्यं भरली आणि २०१७ मध्ये पहिल्या पेट्या वॉर्डात लावल्या.

पहिल्याच दिवशी पेटी बोलली, "पट्टी सुटली आहे, कृपया पुन्हा लावा," आणि खाटेवरची बाई दचकून उठून उभी राहिली. बाळाला छातीशी धरून भिंतीला लागली. मी धावले, "काही नाही, काही नाही, पट्टीच सुटलीय." ती माझ्याकडे बघेना. मग सिस्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, तुमचा आवाज तलाठी ऑफिसातल्यासारखा वाटतो हो. त्यांना वाटतं, काहीतरी चुकलं आपलं."

मी चिडलेच. आधी तिच्यावर, मग स्वतःच्या आवाजावर, मग या सगळ्या व्यवस्थेवर. बरोबरच होतं तिचं. या बायकांच्या वाट्याला मराठी यायची ती बाजारातून, ऑफिसातून आणि डाफरणाऱ्या माणसांकडून. घरात त्या वारली बोलायच्या. झोपेतून उठून, पोर छातीशी असताना जी भाषा कळते ती घरातली. पण वारली मला बोलता येत नव्हती. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढून, तलासरी बसने तासाभरावर असून, मला ती शिकायची गरज कधी पडली नव्हती, आणि कोणी पाडलीही नव्हती.

दवाखान्यातल्या वारली आयाकडून भरून घ्यावं असं डॉक्टरबाई म्हणाली. आयाने भरलं, पण माईकसमोर ती इतकं हळू बोलली की पंख्याच्या आवाजात ऐकू येईना. तेव्हा माझ्या मनात ती बाई आली. खरं तर ती मनातून गेलीच नव्हती. मी अहवालात काय लिहिलं होतं, ते तिला कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नव्हतं. निदान तेवढं तरी तिला कळायला हवं होतं. आयाला तिचा पाडा माहीत होता. आम्ही दोघी गेलो.

भात झोडून झालं होतं. ती अंगणात पेंढा रचत होती. तिने मला ओळखलं. तोंड फिरवलं नाही, पण बसायलाही सांगितलं नाही. मी उभ्यानेच सांगितलं, की त्या दिवशी मी यंत्राची चूक आहे असं तिथेच, सगळ्यांसमोर बोलले होते, कागदावरही लिहिलं होतं.

तिने हातातला पेंढा खाली ठेवला. बाजारच्या मराठीत म्हणाली, "तू बोलली?"

"हो."

"त्याच्याशी बोलली. त्याच्या बोलीत. मला काय कळलं? लोकांना काय कळलं?" तिचा आवाज चढला. "तो बोलला ते सगळ्यांना कळलं. माझ्या सासूला कळलं, पाड्याला कळलं. पोर मी मारलं, असं माझी नणंद अजून बोलते. पाय लाल झालेला त्याचा, फोड आलेला. मी नाय काढायचा तो चिमटा?"

"काढायलाच हवा होता," मी म्हणाले.

"मग हे त्याला बोलायला सांग. त्याच पडवीत. तुझं बोलणं मला काय करायचं?"

आया मध्ये पडून तिला काहीतरी समजावू लागली. मी आयाला गप्प केलं. तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. सांत्वन नको होतं तिला. तिला तो आरोप मागे घेतलेला हवा होता, आणि जिथे केला तिथेच. मी तिला शब्द दिला की मी ते करवून घेईन. कसं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

पेटीचं काम मी तिला सांगणारही नव्हते. आयाने सांगितलं. ती ऐकत राहिली. मग पेटी नेमकं काय बोलते ते विचारलं. मी मराठीतली वाक्यं म्हणून दाखवली. "कृपया" ऐकून ती पहिल्यांदा जरा हसली, पण ते हसू कडू होतं. "पोर गुदमरतं तेव्हा असं कोण बोलतं?" ती म्हणाली. आणि अंगणातच उभी राहून, शेताच्या पल्याडच्या माणसाला हाक मारावी तशी, तिने वारलीत हाक दिली. शेजारच्या झोपडीतून दोन बायका खरोखरच बाहेर आल्या.

ते मी मोबाइलवर भरून घेतलं. मराठीत त्याचा अर्थ एवढाच : अगं ये, पोराकडे बघ, बाईला, म्हणजे सिस्टरला, हाक मार. पट्टी सुटल्याचं वाक्य तिने साध्या, कामात असताना बोलतात तशा सुरात म्हटलं. तिचा आवाज पेटीत गेल्यावर वॉर्डातल्या बायका दचकायच्या थांबल्या. पट्टी सुटली की स्वतःच नीट लावू लागल्या. सिस्टरची धावपळ कमी झाली आणि तिने घंटी बंद करणं सोडून दिलं.

आता इथे सगळं छान झालं असं कोणाला वाटेल. तसं नाही. २०१८ च्या दिवाळीनंतर आमच्याकडे जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीत तेव्हा धक्क्यांमागून धक्के बसत होते. माणसं घराबाहेर ताडपत्रीखाली राहू लागली. एका सकाळी मी दवाखान्यातच होते तेव्हा मोठा धक्का बसला, वरची कौलं सरकली, आणि डॉक्टरबाईने मुलांचा वॉर्ड बाहेर काढला. मैदानात मंडप घातला. भिंतीवरचे मॉनिटर भिंतीवरच राहिले. त्यांच्या बॅटऱ्या कधीच मेल्या होत्या, आणि त्या बदलायचं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. माझ्या पेट्या बॅटरीवरच चालायच्या. मी त्या छाती पुढे काढून मंडपात लावल्या.

ऊन मंडपात तिरपं येत होतं. जरा वेळाने एक पेटी म्हणाली, पट्टी सुटली. मग दुसरी. मग सगळ्याच, एकामागून एक, त्या बाईच्या आवाजात, पट्टी सुटली, पट्टी सुटली. बायका पट्ट्या बघत होत्या, तर पट्ट्या जागच्या जागी. मी एकेक पट्टी तपासत सुटले. मग ध्यानात आलं, ऊन! वॉर्डातल्या ट्यूबलाइटचा उजेड पेटी वजा करायची, पण इथे पट्टीत थेट ऊन शिरत होतं आणि त्या झोतापुढे तिचा हिशेबच चालेना. तिला वाटत होतं, मध्ये पायच नाही. मी ओरडले, "पाय झाका, पाय झाका!" बायकांनी लुगड्यांचे पदर पोरांच्या पायांवर टाकले. पेट्या गप्प झाल्या.

एक सोडून. कोपऱ्यातल्या खाटेची पेटी आता दुसरंच वाक्य ओरडत होती, अगं ये, पोराकडे बघ. तिथल्या बाळाची आई "बाई! बाई!" करत उठलीच होती. सिस्टर धावली. धावपळीत ऑक्सिजनची नळी निसटली होती आणि बाळाचे ओठ निळसर पडायला लागले होते. डॉक्टरबाईने नाक साफ केलं, नळी लावली, मांडीवर घेऊन बसली. थोड्या वेळाने ते बाळ रडलं. मी मंडपाचा खांब धरून उभी होते. मला आनंद झाला, पण त्याहून जास्त झाला संताप. ही गोष्ट करायला काय लागलं होतं? एक चिप, थोडं कापड, आणि त्या बायका काय ऐकतात याचा विचार. एवढ्या मोठ्या कंपन्यांना तो कधीच का सुचला नाही?

सुचला, पण कसा, तेही पाहिलं. भूकंपाच्या बातम्या आल्या तसे पाहुणे येऊ लागले, आणि त्यांत माझे जुने साहेबही आले. त्यांनी पेटी ऐकली, उलटीसुलटी करून पाहिली. "बेन, कमाल आहे," ते म्हणाले. "कंपनी घेईल. फक्त ही खेडवळ आरोळी काढू. मुंबईत स्टुडिओत छान इंग्रजी आवाज भरू."

"कोणासाठी?"

"बाजारासाठी. वारलीला बाजार कुठे आहे?"

"पोरं आहेत," मी म्हटलं. "तेवढं पुरत नाही का?"

त्यांना ते समजलं नाही, की समजूनही उपयोग नव्हता, कोण जाणे. मी पेटी दिली नाही. पुढे त्यांच्या कंपनीने बोलणारा मॉनिटर काढलाच. तो इंग्रजीत 'कृपया' म्हणतो.

उन्हाच्या प्रकाराने मला तिसरं वाक्य लागणार होतं : पाय झाक, ऊन लागतंय. दुसऱ्या कोणाचा आवाज मला मध्येच घालायचा नव्हता. २०१९ लागलं होतं. मी निरोप पाठवला आणि ती दवाखान्यात आली. बाळ गेल्यानंतरच्या त्या हेलपाट्यापासून तिने तिथे पाऊल टाकलं नव्हतं. वाक्य भरून झाल्यावर ती म्हणाली, "आता माझं काम."

मी आणि डॉक्टरबाई तिला व्यवस्थापकांच्या खोलीत घेऊन गेलो. त्यांना सगळं आठवत होतं, ते दिसलंच. खुर्ची पुढे केली, चहा सांगू का विचारलं. डॉक्टरबाई म्हणाली, "चहा नंतर. आधी यांना सांगा."

ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "तेव्हा जरा गैरसमज झाला होता, बाई."

"कोणाचा?" तिने विचारलं.

त्यांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. मग म्हणाले, "म्हणजे... तुमची चूक नव्हती."

"हे बाहेर बोल."

"बाहेर कशाला? झालं ते झालं. आणि ती माणसं आता कुठून आणू मी?"

"आज पण माणसं हायेत," ती म्हणाली, आणि दार उघडून पडवीत जाऊन उभी राहिली. ओपीडीचा वार होता. पडवी भरलेली. डॉक्टरबाई तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली, मीही. व्यवस्थापकांना खोलीत एकटं बसून राहणं अवघड झालं असावं. ते आले. एक वाक्य बोलले, मराठीत, घाईघाईने : या बाईचं मूल गेलं त्यात तिची काही चूक नव्हती, आमची व्यवस्था कमी पडली. आणि आत निघून गेले.

लोकांना पत्ताच लागला नाही की हे काय चाललंय. तेव्हा ती त्यांच्याकडे वळली आणि वारलीत बोलायला लागली. मला तुटक तुटक कळलं. चिमटा, पाय, फोड, पोर. ती रडली नाही. बराच वेळ बोलली. नंबर पुकारणाऱ्या शिपायाने मध्ये तोंड उघडलं, तर एका म्हाताऱ्या बाईने त्याला हाताने खाली बसवलं.

नंतर मी तिला एसटीपर्यंत सोडायला गेले. बरं वाटलं का, असं मूर्खासारखं विचारणार होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "एवढंसं बोलायला त्याला इतकी वर्षं लागली."

बस आली, ती चढली. मी परत वॉर्डात आले आणि तिसरं वाक्य पेट्यांत भरत बसले. त्या पेट्यांना मॉनिटर म्हणायची सरकारी मंजुरी अजून मिळालेली नव्हती, म्हणून डॉक्टरबाईने दवाखान्याच्या दफ्तरी त्यांची नोंद 'घंटी' अशी करून घेतली होती. मंजुरीसाठी तपासणीला गेले तेव्हा तिथल्या माणसाने विचारलं होतं, यंत्राची भाषा कोणती, इंग्रजी की हिंदी? मी वारली म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, एखादी खरी भाषा सांगा."

मी त्याला काय सुनावलं ते इथे लिहीत नाही. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, कमीच बोललीस.